खोलीच्या नळाचं पाणी

आमच्या गावात खोली भाड्यानं घ्यायला आलेली बाई आधी भिंती पाहत नाही, पंखा फिरतो का तेही पाहत नाही. ती डाळ शिजवून पाहते. रुमालात नाहीतर डबीत मूठभर तुरीची डाळ घेऊन येते, घरमालकिणीच्या गॅसवर पातेलं ठेवते, त्यात खोलीच्या नळाचं पाणी ओतायला लावते आणि तिथंच बसून राहते. कुकर नाही, सोडा नाही, मीठ नाही. डाळ फुटली तर खोली पसंत. तासाभरानंही दाणा बोटांत टणक लागला, की चहालाही नाही म्हणून बाई चपला घालते. डाळ तिची तिनंच आणायची, कारण घरमालकिणी आपली डाळ आदल्या रात्री भिजवून, सुकवून ठेवतात. मला हे कसं माहीत, ते विचारू नका.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. खेडं म्हणावं तर नगर परिषद आहे, शहर म्हणावं तर संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. बुलडाणा जिल्ह्याचे आम्ही दोनच भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. मी घाटावरची, उंद्रीची. तिकडं विहिरीचं पाणी शेंदलं आणि प्यायलं, पाण्याला चव असते हेसुद्धा मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं. घाट उतरून इथं नांदायला आले आणि पहिल्याच दिवशी डोक्यावरून आंघोळ केली. साबणाला फेसच येईना. केस वाळले ते पोत्याच्या सुतळीसारखे. सासूबाई दारात उभ्या राहून हसत होत्या. "घाटावरच्या नाजूक पोरी," म्हणाल्या, "हे आमचं पानी हाय. ह्यानं हाडं पक्की होतात." दुसऱ्या दिवशी माझी डाळ शिजली नाही तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. शेजारणीला बोलावून पातेलं दाखवलं.

मग कळलं की या गावात प्रत्येक घरी दोन पाणी असतात. एक खारं, अंगणातल्या बोअरचं. ते मोटर लावली की गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि घरातल्या सगळ्या तोट्यांना येतं. त्यानं आंघोळ करायची, भांडी घासायची, फरशी पुसायची. भांड्यांवर पांढरे डाग राहतात, गीझरची कॉइल दीड वर्षात दगड होते, ते सगळं आपलं मानून घ्यायचं. दुसरं गोडं, म्हणजे धरणावरून येणारं सरकारी नळाचं. ते आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनी, घंटाभर. ते दारातल्या एकाच नळाला येतं, तिथून कळशांनी वाहून बोळातल्या निळ्या ड्रममध्ये साठवायचं, वर फडकं बांधायचं. ते चहाला, डाळीला आणि प्यायला. पाहुण्याला कोणतं पाणी दिलं यावरून त्या घरात त्याची पत काय ते गावाला समजतं. माझ्या भावाला पहिल्या खेपेला खारंच मिळालं होतं.

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आणि तिला जोडून छोटं स्वयंपाकघर, मोरी असं आहे. ती भाड्यानं द्यायची, आणि तो कारभार सासूबाईंचा. भाड्याचा पैसा त्यांच्या बटव्यात जायचा आणि त्यांच्या मनानं निघायचा. सासरे गेल्यावर घरात त्यांचं म्हणून तेवढंच उरलं होतं, त्यामुळं खोली रिकामी राहिली की त्या आजारी पडायच्या. गोडं आमच्यापुरतंच पुरायचं, आणि खोलीच्या तोटीला तर बोअरचं पाणी. त्या पाण्यात कुणाचीही डाळ शिजणं शक्य नव्हतं.

यावर त्यांनी उपाय काढला होता. डाळवाली बाई आली की तिला आमच्या स्वयंपाकघरात पाट द्यायचा, गप्पांत गुंतवायचं आणि मला म्हणायचं, "जाय वं, खोलीच्या नळाचं पानी घेऊन ये तांब्याभर." पहिल्यांदा त्यांनी असं म्हटलं तेव्हा मी भाबडेपणानं खरंच खोलीच्या तोटीचं आणलं. भाडेकरीण गेली. त्या रात्री सासूबाई एवढंच म्हणाल्या, "शिकलेली हायेस म्हनतात. कुठून आनायचं ते समजत नाई काय तुले?" समजलं. पुढच्या वेळी मी खोलीत गेले, तोटी मोठी सोडली, पाणी मोरीच्या फरशीवर धो धो पडू दिलं, म्हणजे स्वयंपाकघरात आवाज जावा. तेवढ्यात बोळातल्या ड्रममधून तांब्या भरून घेतला. मग तोटी बंद करून तांब्या नेऊन दिला. डाळ लोण्यासारखी शिजली.

असे तीन भाडेकरू आम्ही ठेवले. चौथ्या-पाचव्या दिवशी बाई कुरकुरत यायची, "काकू, डाळ शिजत नाही हो." सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "अवं, पानी बदलते. पावसाळ्यात पाह्यजो कसं होते ते." तोवर त्यांचा पलंग, फ्रिज, पोरांच्या शाळा सगळं इथं लागलेलं असायचं. कोण पुन्हा टेम्पो बोलावतं? राहायचे. मला याचं फार वाईट वाटायचं असं मी म्हणणार नाही. गोडं संपलं की सगळं गाव तेच पाणी पितं, मीही आले तेव्हा कुणी मला विचारून पाजलं नव्हतं.

मग मॅडम आल्या. ही दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. पाण्याच्या जारची गाडी तेव्हा आमच्या गल्लीत यायला लागली नव्हती. मॅडम आयटीआयत शिवणकाम शिकवायला बदलून आल्या होत्या. माहेर डोणगावकडचं, म्हणजे माझ्यासारख्याच घाटावरच्या. पस्तिशीच्या असतील. एकट्या आल्या. गळ्यात काही नव्हतं, ते मी पाहिलं. आमच्याकडं तेवढं पाहिलंच जातं. पाटावर बसल्या, पर्समधून रुमाल काढला, गाठ सोडली. डाळ निवडलेली होती. सासूबाईंनी मला नेहमीचं वाक्य सांगितलं. मी गेले, तोटी सोडली, ड्रममधून तांब्या भरला, आणला.

डाळ चढली तशी त्या गप्प बसून राहिल्या. सासूबाई बोलत होत्या, त्या हूं हूं करत होत्या. पाऊण तासात दाणा फुटला. त्यांनी चमच्यावर घेऊन फुंकर घातली, बोटानं चिरडला आणि पहिल्यांदा हसल्या.

"तुम्हाला वाटलं असंल, ही बाई पाण्याचं एवढं काऊन पाहून राह्यली," त्या मला म्हणाल्या. "मले एकच किडनी आहे वहिनी. दुसरी भावाले देल्ली, चार वर्षं झाले. डॉक्टरनं सांगितलं, बाकी कसंही राहा, पाणी मात्र चांगलं प्या. ह्या भागाची तर त्यांनी भीतीच घातली होती."

आमच्या भागात किडनी हा शब्द कुणी उगाच काढत नाही. तेव्हाच गल्लीतले एक काका आठवड्यातून दोनदा अकोल्याला मशीनवर जायचे, सकाळच्या गाडीनं जायचे आणि संध्याकाळी पिवळे होऊन परत यायचे. कशानं झालं, पाण्यानं की गोळ्यांनी की नशिबानं, ते डॉक्टरलाच माहीत. पण गावानं पाण्यावरच ठेवलं होतं. माझ्या हातात तो रिकामा तांब्या तसाच होता. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या उठल्या, "अवं माय, देव भलं करो तुह्यं," म्हणाल्या आणि खुंटीवरची किल्ली काढून मॅडमच्या हातात दिली. एरवी त्यांच्या चौकश्या संपायच्या नाहीत. जात काय, माहेर कुठलं, मटण खाता काय, पोरं किती. त्या दिवशी मात्र घाई केली. "कधी येता राह्याले?" एवढंच विचारलं.

रविवारी टेम्पोतून त्यांचं सामान उतरलं. शिवणयंत्र, दोन पेट्या, एक लोखंडी कॉट. मी मदतीला गेले आणि त्यांनी माझ्यासमोर खोलीतल्या तोटीखाली हंडा भरायला लावला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं. चार दिवस मी त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घालून जात होते. पाचव्या दिवशी सकाळी ड्रममधून कळशी भरली आणि नेऊन दिली. "आमच्याकडं गोडं पाणी उरतं," म्हटलं, "ड्रम धुवायचा आहे, टाकून देण्यापेक्षा तुम्ही प्यायला घ्या." एक खोटं झाकायला दुसरं. त्यांनी कळशी घेतली. काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो नेमच झाला. मी कळशी ठेवायची, त्यांनी आदल्या दिवशीची घासूनपुसून उंबऱ्याशी ठेवलेली असायची. महिन्याभरात त्यांनी माझ्या दोन साड्यांना फॉल लावून दिला, पोरीच्या गणवेशाची शिवण उसवली ती नीट केली. पैसे घेतले नाहीत. मला ते फार लागलं. एखादीला फसवावं आणि तिनं आपल्या पोरीचा फ्रॉक शिवावा, यापरीस तिनं शिव्या दिलेल्या बऱ्या.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मॅडमनी डाळीची तक्रार कधीच केली नाही. प्रत्येक भाडेकरीण चौथ्या दिवशी येते, ही दीड महिना झाला तरी आली नाही. मला वाटलं, माझ्या कळशीतल्या पाण्यात डाळ करत असतील आणि खोलीच्या नळाचं तहान लागली की सरळ पीत असतील, चांगलंच आहे असं समजून. या विचारानं मी दिवसातून दोनदा कळशी द्यायला लागले.

मार्च उलटला आणि सरकारी नळ लांबला. आठाचे दहा झाले, दहाचे बारा. एप्रिलात पंधराव्या दिवशी पाणी आलं ते गढूळ, तेही अर्धा तास. ड्रमचा तळ दिसायला लागला. आमच्या घरात पाच माणसं. एके सकाळी माझ्या नवऱ्यानं चहाचा घोट घेतला आणि कप तिथंच आदळला. "खाऱ्याचा चहा? कुणी केला हा?" मी केला होता. गोडं मॅडमना दिलं होतं.

सासूबाईंनी तेव्हाच सगळं ओळखलं. मागच्या दारी मला गाठलं.

"बंद कर ते. सकाळ-संध्याकाळ कळशी देऊन राह्यली, म्या पाह्यलं नाई काय? घरची लेकरं खारं पेऊन राह्यली अन् भाडेकरनीले गोडं. आपलीच मोरी अन् आंघोळीची चोरी."

"आई, तिला एकच किडनी आहे."

"मले ठाऊक हाय. म्या काढली काय तिची दुसरी?"

"आपण तिला फसवलं."

"आपन? नळ कोनं सोडला होता? तांब्या कोनं भरला? म्या त खोलीचं पानी आन म्हनलं होतं."

आग आग झाली माझ्या अंगाची. पण बाई खरं बोलत होती. शब्दानं त्यांनी मला कधीच खोटं सांगितलं नव्हतं. सगळं माझ्या हातानं झालं होतं. कळशी बंद केली असती तर मॅडम माझ्याच तांब्यावर विश्वास ठेवून ते बोअरचं पाणी रोज पीत राहिल्या असत्या. कळशी चालू ठेवावी तर ड्रममध्ये पाणी नव्हतं. सांगावं तर त्या खोली सोडून जाणार, आणि मग घरात माझं काय होणार ते मला दिसत होतं. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. पोरीला विनाकारण धपाटा घातला.

रविवारी दुपारी गेले. मॅडम यंत्रावर बसून ब्लाऊजला बाही जोडत होत्या. मी खाली बसले, आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. त्या दिवशीचं पाणी खोलीच्या नळाचं नव्हतं, मी बोळातल्या ड्रममधून आणलं होतं, तुमच्या नळाला बोअरचं येतं, ते पिऊ नका, आणि आता ड्रमही संपत आला आहे.

यंत्र थांबलं. त्यांनी दोरा तोडला.

"माहीत आहे," म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"त्याच दिवशी समजलं. तांब्या भरताना आवाज चढत जातो ना वहिनी, भरत आला की बारीक होतो. जन्मभर भांडी भरली आपण, कान फसतो काय? तुमचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा होता. पाणी फरशीवर पडून राह्यलं होतं. मी पाटावर बसून ऐकून राह्यली होती."

मला पहिला आला तो रागच आला. "मग बोलल्या काऊन नाही? मी इथं दोन महिने जीव मुठीत धरून कळश्या वाहतेय. तुम्ही पीत काय होत्या?"

"पहिले चार दिवस आयटीआयतून बाटल्या भरून आणल्या. तिथं मशीन आहे फिल्टरचं. मग तुम्ही द्यायले लागल्या. खोलीचं पाणी मी एक घोट पिली नाही. घाबरू नका."

मी घाबरत नव्हते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "पाणी वाईट आहे हे माहीत असून खोली घेतलीच कशी तुम्ही? किडनीचं सांगितलंत, डाळ शिजवलीत, आणि समजून उमजून..."

त्यांनी बाहीचं कापड मांडीवर सरळ केलं. बोलायला लागल्या तेव्हा आवाजात काही नव्हतं, रेशनच्या रांगेचं सांगावं तसं सांगितलं. भावाला किडनी दिली ते सासरच्यांना खपलं नाही. सून आमची म्हणजे किडनीही आमच्या घरची, विचारल्याशिवाय माहेरी कशी देल्ली, असं म्हणाले. दवाखान्यातून सुटी झाल्यावर त्यांना परत घेऊन जायला कुणी आलंच नाही. भाऊ बरा झाला, त्याचं लग्न झालं, त्याच्या घरातही मग जागा राहिली नाही. त्यावर त्या थोडं हसल्या.

"तुमच्याकडं यायच्या आधी ह्या गावात सहा घरं फिरली मी. डाळ तीच होती, रुमाल तोच. गाठ सोडायची वेळच आली नाही. दारातच विचारत, मिस्टर कुठं असतात? एकट्याच राहणार काय? मग म्हणत, खोली कालच गेली. सातवं घर तुमचं. काकूंनी ते विचारलंच नाही. तुम्ही फरशीवर पाणी सोडलं ते मले ऐकू येत होतं, पण मी म्हटलं, पाण्याचं पाहून घेऊ आपण. पाणी कुठूनही आणता येते."

मी तिथं किती वेळ बसले आठवत नाही. रडले, हे आठवतं, आणि त्यांनीच मला पाणी दिलं हेही.

परत आले तेव्हा सासूबाई ओसरीवर लसूण सोलत होत्या. मी समोर उभी राहिले. "सांगितलं मी तिला," म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "मंग? चालली काय सोडून?"

"नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." आणि मग मी सगळं सांगितलं, सासरचं, सहा घरांचं, दारातून परत पाठवल्याचं. त्या सोलत होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही सगळ्यांना सगळं विचारता. तिला नवऱ्याचं काऊन नाही विचारलं?"

"इचारनार होती वं," त्या म्हणाल्या. "मले त दारातच दिसलं होतं गळ्यात काई नाई थे. म्हनलं, डाळ शिजू दे, मंग इचारू. तेवढ्यात तिनं थे किडनीचं काढलं. म्या घाबरली, पान्याचं उघडं पडते काय म्हनून. त्या घाईत किल्ली देऊन बसली."

"आणि विचारलं असतं तर?"

लसणाचा एक गड्डा त्यांनी पुरा सोलला, पाकळ्या वाटीत टाकल्या.

"त देल्ली नसती खोली," त्या म्हणाल्या.

मी घरमालकीण असते तर मीही दिली नसती, हे मला त्या क्षणी स्वच्छ समजलं होतं. त्यांनी मांडीवरची सालं झटकली. थोड्या वेळानं विचारलं, "सांजची कळशी गेली काय तिकडं?"

गेली नव्हती. मी ड्रमचं फडकं सोडायला उठले.